पिशवीसोबत आलेली ग्रंथी

लघवीच्या पिशवीचा कॅन्सर तिच्या स्नायूत उतरला की पुरुषाची नुसती पिशवी काढत नाहीत. तिच्या तोंडाशी चिकटलेली प्रोस्टेट ग्रंथीही सहसा काढतात. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांकडे दोन्ही एकाच डब्यात, फॉर्मालिनमध्ये येतात. सोबतच्या कागदावर मजकूर असतो फक्त पिशवीचा. त्यामुळे नवा निवासी डॉक्टर पिशवीतल्या गाठीवर तासभर घालवतो आणि प्रोस्टेटचे दोन तुकडे घेऊन मोकळा होतो. माझ्या टेबलावर हे चालत नसे. उजव्या बाजूला एका रंगाची शाई, डाव्या बाजूला दुसऱ्या, आणि मग लांब पात्याने खालपासून वरपर्यंत चकत्या. नुसत्या डोळ्यांना बहुतेकदा काही दिसत नाही. उतारवयातल्या साध्या वाढीच्या गाठी तेवढ्या फुगून वर येतात. स्लाइड लावली की कधीकधी कडेच्या भागात बारीक ग्रंथींची दाटी सापडते. निरोगी ग्रंथीला पेशींचा एक बाहेरचा थर असतो, तो इथे नाहीसा झालेला असतो. म्हणजे कॅन्सर. पेशंटला त्याचा त्रास नव्हता, सर्जनला शंकाही नव्हती.

असा छुपा कॅन्सर आधी मोजला गेला तो मृतदेहांत. जॉन्स हॉपकिन्सच्या अर्नोल्ड रिच यांनी 1935 साली पन्नाशीपुढच्या पुरुषांची 292 शवविच्छेदनं पाहिली. 14 टक्क्यांत तो निघाला. 1954 साली लंडनच्या फ्रँक्स यांनी ग्रंथी अधिक बारकाईने चिरल्या आणि आकडा तिसाच्या वर गेला. रोग वाढला नव्हता, चकत्या वाढल्या होत्या.

जिवंत माणसाची, आणि तीही प्रोस्टेटची तक्रार नसताना काढलेली अख्खी ग्रंथी मिळणार कुठून? पिशवीच्या शस्त्रक्रियेतून. कोलोनच्या बार्डेनहॉयर यांनी 1887 साली अख्खी पिशवी काढली होती, पण पेशंट वाचला नाही. खरी अडचण पुढची होती: लघवी सोडायची कुठे? 1950 साली युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून ती पोटावर काढण्याची पद्धत मांडली, ती रुळली आणि शस्त्रक्रिया वाढल्या. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात व्हिटमोर आणि मार्शल यांनी अशा शेकडो केल्या. छोट्या प्रोस्टेट कॅन्सरपैकी उपचार कोणाला लागतो आणि कोणाला नाही, हा प्रश्नही व्हिटमोर यांनीच लावून धरला. ते स्वतः 1995 साली प्रोस्टेटच्या कॅन्सरनेच गेले.

मग स्टॅनफर्डचे थॉमस स्टेमी. त्यांच्या प्रयोगशाळेत ग्रंथी सरसकट 3 मिमीच्या अंतराने चिरायचा शिरस्ता होता. 1993 साली त्यांनी पिशवीच्या कॅन्सरसाठी काढलेल्या 139 ग्रंथींचा हिशोब छापला: 55 मध्ये, म्हणजे 40 टक्क्यांत, अनपेक्षित कॅन्सर. पण त्या वेळच्या अमेरिकन पुरुषाला आयुष्यभरात प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होण्याची शक्यता होती 8 टक्क्यांच्या आसपास. स्टेमी यांनी काय केलं, तर 139 चे 8 टक्के म्हणजे 11, म्हणून सर्वांत मोठ्या 11 गाठी वेगळ्या काढल्या. त्यातली सर्वांत लहान होती अर्धा मिलिलिटर, ड्रॉपरचे दहा थेंब. त्याखालचं ते किरकोळ, असं ठरलं.

मला हे गणित कायम थोडं उसनं वाटत आलं आहे. मोठी गाठ तीच पुढे छळणार हे गृहीत धरलं, पण ते पडताळणार कसं? ग्रंथी तर डब्यात. तरीही तो अर्धा मिलिलिटर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पुढच्याच वर्षी हॉपकिन्सच्या एपस्टाइन यांनी सुईच्या बायोप्सीवरून किरकोळ कॅन्सर ओळखण्याचे निकष दिले आणि लगेच ऑपरेशन न करता पेशंटवर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीला त्यातून आधार मिळाला. नंतर रॉटरडॅमच्या अभ्यासकांनी सौम्य दिसणाऱ्या गाठींसाठी ही मर्यादा बरीच वर नेता येईल असं दाखवलं.

या चकत्यांनी सर्जनांचाही एक बेत अडवला. लैंगिक क्षमता आणि लघवीवरचा ताबा टिकावा म्हणून पिशवी काढताना प्रोस्टेटचा काही भाग मागे ठेवावा, असं काहींचं म्हणणं होतं. त्यावर आमचे रिपोर्ट पुढे आले: मागे ठेवलेल्या भागात प्रोस्टेटचा कॅन्सर असू शकतो, आणि पिशवीचा कॅन्सरही मूत्रमार्गावाटे तिथे उतरलेला असू शकतो. आता तो पर्याय फार निवडून, आधी बायोप्सी करूनच दिला जातो.