थंडीत ऊब हवी, पण बेतात!

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की शहरांना थंडीची चाहूल लागते. मुंबईकरांची थंडी बहुधा पहाटेच्या गार वाऱ्यापुरती असते. नाशिक, पुणे आणि विदर्भात मात्र ती खऱ्या अर्थाने मुक्कामाला येते. निफाडचा पारा दरवर्षी बातमीचा विषय होतो आणि उन्हाळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागपुरातही २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत कपाटातील स्वेटर बाहेर येतात, गिझरचे बटण पहाटेच दाबले जाते आणि बाजारात मटार, गाजर, आवळ्यांचे ढीग लागतात. खर्च वाढवणाऱ्या आणि खर्च वाचवणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी या ऋतूत एकदमच घरात शिरतात. थोडा विचार केला, तर दुसऱ्या बाजूचे पारडे जड ठेवता येते.

अंघोळीच्या पाण्याचे गणित

थंडीत घरखर्चाचा सर्वांत मोठा वाटा गरम पाण्याचा असतो. पंखे आणि एसी बंद असल्याने विजेचे बिल उतरायला हवे, ते उतरत नाही याचे कारण बहुधा न्हाणीघरात सापडते. हिशेब सोपा आहे. नळाचे पाणी १८ अंशांचे धरले आणि अंघोळीसाठी ते ४० अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर १८ लिटरच्या बादलीला अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाने एक बादली वापरली, तर महिन्याला सुमारे ५५ युनिट होतात. तेच चौघे शॉवरखाली उभे राहून प्रत्येकी ४५ लिटर पाणी वापरू लागले, की आकडा १३८ युनिटच्या आसपास जातो. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

फरक ८० युनिटांहून अधिक आहे आणि तो केवळ तेवढ्या युनिटांचा राहत नाही. महावितरणच्या घरगुती वीजदरात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातील प्रत्येक युनिट खालच्या टप्प्यापेक्षा बरेच महाग पडते. म्हणजे शॉवरची वाढीव वीज नेमकी महागड्या दराने मोजावी लागते. बादली आणि तांब्या जुन्या वळणाचे वाटले, तरी थंडीच्या तीन महिन्यांत त्यांच्याइतकी बचत दुसरे कोणतेही साधन करून देत नाही.

गिझर वापरण्याच्या पद्धतीतही बचतीला वाव आहे. बऱ्याच घरांत थर्मोस्टॅट ६५-७० अंशांवर ठेवलेला असतो आणि मग त्या कढत पाण्यात तेवढेच गार पाणी मिसळले जाते. तो ५०-५५ अंशांवर ठेवला, तर टाकीतून बाहेर निसटणारी उष्णता कमी होते. घरातील सर्वांनी पाठोपाठ अंघोळी उरकल्या, तर एकदा तापलेली टाकी पुरेपूर वापरली जाते. एक सकाळी सहाला, दुसरा नऊला आणि तिसरा अकराला न्हाणार असेल, तर गिझर मधल्या वेळेत स्वतःलाच तापवत बसतो. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षारांचे थर साचून कॉइल लवकर निकामी होते. त्यामुळे थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा गिझर उघडून स्वच्छ करवून घेणे स्वस्त पडते. नवा गिझर घेताना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन पाहावे आणि घरातील माणसे मोजूनच टाकीचे माप ठरवावे. दोघांच्या घरात २५ लिटरची टाकी हा नेमाने होणारा अपव्यय आहे.

ज्यांच्या गच्चीवर सौर बंब आहे, त्यांनी एक लहानशी सवय लावून घ्यावी. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत गरम पाणी येण्याआधी नळातून बराच वेळ गार पाणी येत राहते. ते गटारात सोडण्याऐवजी बादलीत धरले, तर भांडी-फरशीला उपयोगी पडते. काही महापालिका सौर बंबासाठी मालमत्ता करात सवलत देतात, मात्र त्यासाठी अर्ज आणि तपासणी व्हावी लागते. ती झाली आहे का, हे सोसायटीच्या कार्यकारिणीला विचारायला हरकत नाही. वृद्धांनी आणि लहान मुलांनी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास अंघोळ केली, तर गच्चीवरील टाकीतील पाणी उन्हाने आधीच कोमट झालेले असते.

बचत जिथे जिवावर बेतते

विजेचे बिल वाचवण्यासाठी अनेक घरांनी गॅस गिझर बसवले. पाणी झटपट तापते आणि खर्चही आटोक्यात राहतो, हे खरेच. परंतु न्हाणीघरात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात आणि त्यामागे बहुतेक वेळा हाच गिझर असतो. बंद, कोंदट खोलीत गॅस जळू लागला, की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, आणि कडी काढून बाहेर येण्याचे त्राण उरत नाही. आत गेलेला माणूस नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बाहेर आला नाही, तर दार ठोठावण्यात संकोच करू नये.

यावर उपाय एकच आहे आणि तो करण्यात काटकसर करू नये. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत वा तशाच उघड्या जागी बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, तर गिझर बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. कोणी बेशुद्ध झालेले आढळल्यास दारे-खिडक्या उघडून, गॅस बंद करून त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. निजण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून घेण्याची सवयही याच कारणाने घातक आहे. विझत आलेले निखारे तर अधिकच फसवे असतात.

भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार पाणी तापवण्यासाठी हीटरची कांडी वापरतात. तिचा खर्च गिझरहून कमी नसतो, कारण तेवढ्याच पाण्याला तेवढीच वीज लागते. फक्त टाकीत उष्णता अडकून पडत नाही. कांडी वापरायचीच असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये, पायात कोरडी रबरी चप्पल असावी आणि खोलीतील वायरिंगला अर्थिंग असल्याची खात्री घरमालकाकडून करून घ्यावी.

मंडईत ऋतू स्वस्त असतो

भाजीच्या बाबतीत थंडीसारखा उदार ऋतू नाही. मेथी, पालक, मुळा, फ्लॉवर, गाजर, पावटा, ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला, सारे एकदम येते आणि भाव उतरतात. मटाराचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पुण्याच्या बाजारात पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो, तेव्हा तो चढ्या भावात असतो. डिसेंबर-जानेवारीत मध्य प्रदेशातून आवक वाढली, की तोच मटार कितीतरी उतरतो. खरेदीची वेळ ती. किलोभर शेंगांतून साधारण निम्म्याहून थोडे कमीच दाणे निघतात, हे लक्षात ठेवून दाण्यांच्या पाकिटांशी भावाची तुलना करावी. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे सोडून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावेत, निथळून फडक्यावर कोरडे करावेत आणि लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. उन्हाळ्यापर्यंत रंग आणि चव टिकते. एकाच मोठ्या पिशवीत भरले, तर त्यांचा दगड होतो आणि प्रत्येक वेळी सगळा गोळा वितळवावा लागतो. कोवळ्या सालीही फेकून देऊ नयेत. त्या उकळून गाळलेले पाणी सूपाला, आमटीला चालते.

आवळ्याचेही तसेच. मोरावळा आणि आवळासुपारी घरी करायला फारसे कौशल्य लागत नाही, लागते ते ऊन, आणि ते या दिवसांत फुकट आहे. वाफवलेल्या आवळ्याच्या फोडी मीठ आणि आल्याचा रस लावून चार-सहा दिवस कडकडीत वाळवल्या, की वर्षाची सुपारी तयार होते.

बाजरी घेताना एक पथ्य पाळावे. तिच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते. त्यामुळे धान्य महिन्याचे भरले, तरी दळण आठवड्यापुरतेच आणावे. गिरणीच्या दोन फेऱ्या परवडतात, फेकलेले पीठ परवडत नाही.

सुक्या मेव्याच्या भावाने डिंकाच्या लाडवांचा हात आखडता झाला असेल, तर अळिवाचे लाडू करावेत. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे आणि गुळाबरोबर शिजवला, की मूठभर दाण्यांचे ताटभर लाडू होतात. ते तीन-चार दिवसांत संपवावे लागतात, ही अडचण बहुतेक घरांत आपोआप सुटते. भोगीच्या दिवशी केली जाणारी मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा हा बेत तर काटकसरीचाच आहे. त्यातील प्रत्येक जिन्नस त्या आठवड्यात स्वस्त असतो.

थंडीत दही लागत नाही, ही नेहमीची तक्रार. दूध नेहमीपेक्षा किंचित अधिक कोमट ठेवून विरजण थोडे जास्त लावावे आणि भांडे कणकेच्या डब्यात किंवा जाड फडक्यात गुंडाळून ठेवावे. हाच उपाय इडलीच्या पिठालाही चालतो. फ्रीजचे बटण उन्हाळ्यात वाढवलेले असते, ते एक-दोन आकड्यांनी खाली आणायचे मात्र बहुतेक घरांत राहूनच जाते.

गोधडी, घोंगडी आणि स्वेटर

जाड, महागड्या ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक ऊब देतात, कारण ऊब धरून ठेवते ती थरांमधली हवा. जुन्या सुती साड्यांची गोधडी यामुळेच सरस ठरते. शिवून देणाऱ्या बायका अजून बऱ्याच शहरांत आहेत. त्यांच्या श्रमांची घासाघीस न करताही गोधडी दुकानातल्या रजईपेक्षा स्वस्त पडते. सोलापुरी चादरीखाली एक जुने मऊ पातळ जोडले, तर पुण्या-मुंबईची थंडी सहज निभावते. अंथरूण-पांघरूण सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान उन्हात टाकावे आणि ऊन उतरण्याआधी घरात घ्यावे. नंतर ते पुन्हा दमट होते. घरालाही हाच न्याय लागू पडतो. दुपारी दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे सारून ऊन आत घ्यावे आणि दिवेलागणीला खिडक्या लावाव्यात. गार फरशीवर सतरंजी अंथरली, तर रूम हीटरची गरज बहुतेकांना भासत नाही.

लोकरीचे कपडे गरम पाण्यात धुऊ नयेत, पिळू नयेत आणि दोरीवर लटकवू नयेत. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत आडवे पसरावेत. नवे स्वेटर घ्यायचे असतील, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबावे. तिबेटी विक्रेते आणि दुकानदार, दोघेही तोवर उरलेला माल काढण्याच्या तयारीत असतात. मुलांसाठी एक माप मोठे घेतले, तर दोन हिवाळे निघतात.

त्वचेसाठी महागड्या क्रीमच्या बाटल्यांवर खर्च करण्याआधी अंघोळीचे पाणी थोडे कमी कढत करून पाहावे. कढत पाण्याने त्वचेचा स्वाभाविक तेलकटपणा निघून जातो. अंग पूर्ण कोरडे होण्याआधी खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळले, तर ओलावा टिकतो. टाचांच्या भेगांना कोकमतेल लावावे, ज्याला गोव्यात आणि तळकोकणात भिरंडेल म्हणतात. हे तेल वडीच्या रूपात मिळते. वडी थोडी वितळवून रात्री लावावी आणि वर जुने मोजे घालावेत.

फेब्रुवारीच्या अखेरीस स्वेटर पुन्हा कपाटात जातील, तेव्हा ते धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावेत. कसर लागते ती मळलेल्या लोकरीला. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो. डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील, तर पुढच्या वर्षी ते कपडे दिवसभर उन्हात टाकून मगच वापरावेत. तान्ह्या बाळांच्या कपड्यांत आणि दुपट्यांत या गोळ्या मुळीच ठेवू नयेत.