बाळंतिणीच्या खोलीपासून आरोग्यदूतापर्यंत

प्रसूतीनंतरच्या सुमारे दीड महिन्याला आयुर्वेदाने ‘सूतिकाकाल’ म्हटले असून महाराष्ट्रातील घरांनी तो ‘सव्वा महिना’ म्हणून पाळला. शेकशेगडी, धुरी, तेलाचे मालीश, अळीव-डिंकाचे लाडू आणि पाचवी-सटवाईचे पूजन ही त्याची अंगे होत. जन्मानंतरचे पहिले काही दिवस बाळाच्या जिवाला सर्वाधिक धोक्याचे असतात, ही जाणीव या विधींमागे दिसते. मात्र अस्वच्छ हत्याराने नाळ कापली गेल्यास होणारा धनुर्वात आणि पहिले घट्ट दूध, म्हणजे चीक, न पाजण्याची चाल यांमुळे त्याच दिवसांत बाळे दगावत. त्याचा दोष एकट्या सुईणीवर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण तिच्या हातच्या कसबाला समाजाने ना मान दिला ना शिक्षण.

मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, तर १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने, परक्याच्या देहाची सेवा हलकी मानणाऱ्या काळात, तरुण विधवांसह अनेक स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. प्रशिक्षित परिचारिका बाळंतिणीचा ताप, नाडी व रक्तस्राव पाहते, पोटावरून गर्भाशय घट्ट झाले आहे की नाही हे तपासते, बाळाचा श्वास, वजन, नाळ आणि दूध ओढण्याची ताकद जोखते आणि हे सारे क्रमाने नोंदवते. तथापि ही नजर मुख्यत्वे रुग्णालयात राहिली आणि खेड्यातल्या बाळंतिणीची खोली तिच्यापासून दूरच राहिली.

ते अंतर गडचिरोलीत कमी झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान घेत, श्वास मोजत, बाळाला उबेत ठेवायला शिकवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. नवजात मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू, तेथे आधी ६२ होता; तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

सुईणीजवळ घरात शिरण्याचा विश्वास होता, परिचारिकेजवळ तपासणीची शिस्त होती. आरोग्यदूतात हे दोन्ही एकत्र आले. म्हणून आशा कार्यकर्ती दारात येते तेव्हा तिला आदराने आत घेणे आणि बाळंतिणीला तिच्याशी मोकळेपणी बोलू देणे, हे प्रत्येक घराचे कर्तव्य आहे.