गोळी आणि तिची किंमत

आमच्या कोरेगावात पोरांची पुढची शिक्षणं आल्याच्या दरावर ठरतात. आल्याची एक गाडी म्हणजे पाचशे किलो. गाडीला दर बरा लागला की मुलगा पुण्याला, नाही लागला की साताऱ्याला. बाहेरच्या माणसाला हे गमतीचं वाटेल, आम्हाला नाही वाटत. माझ्या वडिलांनीही मला मुंबईला धाडलं ते एका चांगल्या हंगामाच्या जोरावरच.

मध्यंतरी शेजारची मुलगी एक माहितीपत्रक घेऊन आली. बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "आजोबा, एम.फार्म. करू की हे करू?" 'हे' म्हणजे औषधनिर्मिती आणि व्यवसाय-व्यवस्थापन यांचा जोड असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम. मागोमाग तिचे वडील आले. ते म्हणाले, "अण्णा, औषध करायचं का औषध विकायचं, एक काय ते तिला ठरवू द्या. दोन्ही डगरींवर हात कशाला?"

प्रश्न सरळ होता, पण मला एका वाक्यात उत्तर देता येईना. कारण आपल्या देशातलं औषधांचं शिक्षण सुरुवातीपासून याच दोन डगरींमधून वाहत आलं आहे. आणि त्या मधल्या जागेत मी स्वतः एकदा पडलो आहे. ते पुढे सांगतो.

आपल्याकडे औषध बनवण्याचं आधुनिक काम कुठल्या कारखान्यात नव्हे, एका इस्पितळाच्या आवारात सुरू झालं म्हटलं तरी चालेल. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस करणारा, तपासणारा आणि पहिली सुई घेणारा एकच माणूस! ग्रँट मेडिकल कॉलेज म्हणजे जे. जे. रुग्णालयाचं आवार. हे आवार लक्षात ठेवा, आपल्याला तिथं परत यायचं आहे.

औषधनिर्माणशास्त्र विद्यापीठात शिरलं ते १९३२ साली, बनारसला. प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी तिथं या विषयाचा पाया घातला आणि १९३७ मध्ये बी.फार्म. सुरू झालं. पुढं १९४० चा औषध कायदा आला, १९४८ चा फार्मसी कायदा आला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं तिथं पेनिसिलीन होऊ लागलं. त्या काळात देशाला हवा होता तो औषध बनवणारा माणूस. शिक्षणही तसंच आखलं गेलं.

व्यवस्थापनाचं शिक्षण मात्र वेगळ्याच गावाला चाललं होतं. १९६१ साली अहमदाबाद आणि कोलकात्याच्या संस्था निघाल्या, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था. तिथं शिकलेला मुलगा साबण विकायला जाई तसाच औषध विकायला जाई. प्रयोगशाळेतला माणूस आणि दराच्या कागदावरचा माणूस यांची गाठ पडायची ती थेट नोकरीत, आणि बहुतेक वेळा भांडणातच.

मी कलिन्याच्या औषधनिर्माण महाविद्यालयात शिकलो. १९५७ साली निघालेलं, नावाजलेलं कॉलेज. गोळी कशी बांधायची, ती पोटात किती मिनिटांत विरघळली पाहिजे, सगळं तोंडपाठ. पण त्या गोळीला किती पैसे पडतात, हे मला चार वर्षांत सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पहिली नोकरी ठाण्याकडच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या प्रयोगशाळेत. नाव सांगत नाही. एकदा गोळ्या बांधायला लागणाऱ्या स्टार्चची नवी पोती आली. नेहमीच्यापेक्षा स्वस्तात घेतलेली. तपासलं तर ओल जास्त. मी माल अडवला. खरेदी विभागाच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मशीन एक दिवस बंद राहिलं तर किती नुकसान होतं? आणि माल परत आला तर किती? दोन आकडे सांगा, मी तुमचं ऐकतो." मला एकही आकडा सांगता आला नाही. ओल किती टक्के, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. शेवटी त्यांनी कागद पुढं सरकवला आणि मी सही केली.

पावसाळ्यात विदर्भातून बाटल्या परत आल्या. गोळ्यांचा भुगा झाला होता. कुणाला अपाय झाला नाही, नुकसान कंपनीनं सोसलं. पण ती सही माझी होती. साहेब वाईट नव्हते. त्यांना ओल म्हणजे काय ते कळत नव्हतं, मला पैसा कळत नव्हता. दोघं एकाच छपराखाली दोन भाषा बोलत होतो.

मग १९८६ साल उजाडलं. जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं. ते औषधी प्रतीचं नव्हतं. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. १४ माणसं गेली. न्या. बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि त्यांनी खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या सगळ्या साखळीवर कोरडे ओढले. पेपरात रोज साक्षी छापून येत. मी त्या वाचायचो आणि मला माझ्या सहीचा कागद दिसायचा. माझ्या पोत्यात विष नव्हतं, हा निव्वळ नशिबाचा भाग.

या विषाची कुळकथा जुनी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधी सिरपमधून तेच रसायन शंभरावर लोकांच्या पोटात गेलं आणि ती माणसं दगावली. ते औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची विषारीपणाची चाचणीच झाली नव्हती; तशी सक्ती करणारा कायदा त्यानंतर, १९३८ मध्ये झाला. आपल्याकडे कारखान्यांनी काय पाळावं याचे नियम 'शेड्यूल एम' म्हणून १९८८ साली आले. तरीही २०२२ मध्ये गांबियातली साठहून अधिक मुलं दगावली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला तो भारतात बनलेल्या सिरपांबद्दल. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुलं गेली. रसायन तेच. औषधी द्रावाची प्रत्येक खेप तपासायला पैसा आणि वेळ लागतो. तो वाचवायचा मोह कुणाला तरी होतो, आणि 'हे वाचवता येणार नाही' असं हिशेबाच्या भाषेत ठणकावणारं माणूस त्या खोलीत नसतं.

आता किमतीची बाजू. साठीच्या सुमारास अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीनं नोंदवलं होतं की, काही औषधांच्या किमती भारतात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. आपला पेटंट कायदा तेव्हा इंग्रजांच्या काळातला, १९११ चा. १९७० मध्ये नवा कायदा झाला, १९७२ मध्ये लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर! दुसऱ्या वाटेनं तेच औषध करायला आपले रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले. २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरना सेवाभावी संस्थेला देऊ केलं. परदेशी कंपन्यांच्या औषधांना तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. हा धक्का प्रयोगशाळेचा होता, तसाच हिशेबाचाही.

१ जानेवारी २००५ पासून चित्र पालटलं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार रेणूवरही पेटंट द्यावं लागलं. आता नुसती दुसरी वाट शोधून भागेना. पेटंट कधी संपतं, कुठल्या कलमाखाली त्याला आव्हान देता येतं, चाचण्यांवर किती खर्च करायचा, कुठल्या देशात आधी अर्ज करायचा, हे सगळं रसायन कळल्याशिवाय ठरवता येत नाही आणि नुसतं रसायन कळूनही ठरवता येत नाही. जोड अभ्यासक्रमांचं पीक याच सुमारास आलं, ते उगाच नव्हे. मोहालीच्या 'नायपर'मध्ये औषध क्षेत्रासाठी एम.बी.ए. आहे. मुंबईच्या एनएमआयएमएसनं २००६ साली औषधनिर्माण आणि तंत्रज्ञान व्यवस्थापन यांचं एकत्र विद्यालयच काढलं. पाठोपाठ आपल्या खानदेशात शिरपूरलाही ते गेलं.

एक उदाहरण मी त्या मुलीला तपशिलात सांगितलं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं 'नेक्सावार'. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, तेच औषध महिन्याला ८,८०० रुपयांना देण्याच्या अटीवर. मी तिला म्हटलं, या दोन आकड्यांमध्ये काय काय आहे ते मला लिहून आण. रेणूचं संशोधन किती, कच्चा माल किती, जाहिरात किती, नफा किती. ती दोन दिवसांनी चार पानं घेऊन आली. अर्ध्या जागा रिकाम्या होत्या, पण कुठल्या जागा रिकाम्या आहेत हे तिला माहीत होतं. मला पंचविशीत तेवढंही माहीत नव्हतं.

सगळेच असे अभ्यासक्रम चांगले, असं मात्र मी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी 'फार्मा मॅनेजमेंट' या भारदस्त नावाखाली डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभं राहायचं कसब शिकवतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही, नंतरची सहा वर्षं मी तेच केलं आहे. पण त्यासाठी दोन वर्षांची फी कशाला? मी तिला तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं. प्रयोगशाळा रोज उघडते की तपासणीला पाहुणे आले म्हणजे? पेटंट आणि औषध नियमन शिकवणारा माणूस कधी कारखान्यात राबला आहे का? आणि मागच्या तुकडीतले किती जण गुणवत्ता विभागात गेले, किती नुसते विक्रीत?

तिचे वडील हे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे अण्णा, त्या दिवशी तुम्हाला ते दोन आकडे सांगता आले असते, तर तुम्ही सही केली नसती?" मी म्हटलं, "केली नसती असं वाटतं. पण छातीठोक सांगत नाही."

मुलीनं दोन संस्थांना फोन केले आहेत, एकीकडून उत्तर आलं आहे. फीचा आकडा मोठा आहे. शेतातलं आलं आता काढायचं की दर वाढेल म्हणून जमिनीतच ठेवायचं, यावर बापलेकीची रोज संध्याकाळी चर्चा चालते. परवा पाहिलं तर मुलगी वहीत मागच्या पाच हंगामांचे गाडीचे दर उतरवून घेत होती, आणि वडील शेजारी बसून तिला महिने सांगत होते.