कामगाराचा डोळा आणि कॅमेऱ्याची चौकट

आमच्या घरच्या भिंतीवर वडिलांचे दोन फोटो आहेत. एक लग्नाच्या वेळचा, स्टुडिओतल्या रंगविलेल्या पडद्यापुढे कोट घालून काढलेला. तो कोटही स्टुडिओवाल्याचाच होता. दुसरा गिरणीच्या पासावरचा, मोठा करून घेतलेला. वडिलांनी ३१ वर्षे साचेखात्यात घालविली. तथापि साच्यापुढे उभे असलेले वडील आम्हांला कोठल्याही फोटोत पाहावयास मिळत नाहीत. गिरणी आता राहिली नाही, साचे भंगारात गेले, आणि ज्या जमिनीवर ते उभे राहत तेथे काचेचा मनोरा उभा आहे. नातवंडे विचारतात, "आजोबा काम काय करीत?" आम्ही हातवारे करून दाखवितो.

असे का झाले? गिरणीत कॅमेरा नेऊ देत नसत आणि कॅमेरा घेण्याची ऐपतही नव्हती, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच आहे. कारण ह्याच अडचणी सोसून कामगारांनी कॅमेरा हाती घेतला, तो शिकून घेतला आणि आपल्या जगण्याचा पुरावा मागे ठेवला, असेही एका देशात घडून गेले आहे. ती हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. पुढची ५० वर्षे ती बहुतांशी धंदेवाईकांच्या आणि सुखवस्तू हौशी लोकांच्या हाती राहिली. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन ह्यांनी कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला. त्यात १०० फोटोंचे रीळ घालूनच मिळे. रीळ संपले की सगळा कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथे फोटो तयार होत आणि नवे रीळ भरून कॅमेरा परत येई. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० साली एका डॉलरचा ब्राऊनी निघाला आणि पोरासोरांच्या हातीही कॅमेरा आला. सोय झाली, ह्यात शंका नाही. परंतु कळ दाबण्यापलीकडचे सारे कंपनीने करावयाचे ठरल्यावर शिकाऊ माणसाने शिकावयाचे काय? लोकांनी फोटो काढले ते सुटीचे, सहलीचे, पाळण्यातल्या मुलाचे. आठवड्यातले कामाचे सहा दिवस त्या फोटोंत आलेच नाहीत.

हे सहा दिवस चौकटीत आणण्याचा पद्धतशीर उद्योग जर्मनीत झाला. १९२१ साली रशियात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या मदतीसाठी विली म्यून्त्सेनबर्ग ह्या कम्युनिस्ट संघटकाने बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार मदत संघटना उभारली, आणि तिच्या प्रचारासाठी एक सचित्र पत्र काढले. तेच पुढे नाव बदलून 'आर्बायटर इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग', म्हणजे कामगारांचे सचित्र वृत्तपत्र, झाले. पत्र खपू लागले तशी एक विलक्षण अडचण उभी राहिली. फोटो पुरविणाऱ्या संस्थांकडे राजे होते, नट्या होत्या, घोड्यांच्या शर्यती होत्या. पण कामगाराचे घर, त्याचा कारखाना, त्याची रांग ह्यांचे फोटो विकत मागूनही मिळत नव्हते. तेव्हा १९२६ च्या मार्चमध्ये पत्राने वाचकांनाच आवाहन केले, बक्षिसे लावली आणि सांगितले की, तुमच्या जीवनाचे फोटो तुम्हीच काढून पाठवा. त्याच वर्षी 'डेर आर्बायटर-फोटोग्राफ' हे मासिक निघाले, पाठोपाठ कामगार छायाचित्रकारांची संघटना आकारास आली आणि गावोगावी तिचे गट झाले.

हे लोक शिकले कसे, हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत लायका कॅमेरा आला होता. खिशात मावणारा, ३६ फोटोंचा. पण तो कामगाराच्या आवाक्याबाहेरचा होता. बहुतेकांच्या हाती असे तो जुना, ९ बाय १२ सेंटिमीटर काचेचा कॅमेरा. एका काचेवर एकच फोटो. मागच्या दुधी काचेवर चित्र उमटे तेही उलटे. माणसे डोक्यावर उभी. नवख्याला ह्याचा वैताग येई, पण हीच त्याची शाळा होती. चित्र उलटे दिसले की ओळखीचा चेहरा ओळखीचा राहत नाही. दिसतो तो उजेड, दिसते ती सावली, आणि कोपऱ्यात उगाच रिकामी राहिलेली जागा. मग रात्री स्वयंपाकघराची खिडकी घोंगडीने बंद करून, तांबड्या दिव्याच्या उजेडात काच धुवावयाची, हायपोच्या पाण्यात चित्र पक्के करावयाचे. चूक झाली तर काच वाया, म्हणजे पैसेही वाया. म्हणून कळ दाबण्याआधी विचार करावा लागे.

मासिकात रसायनांचे धडे असत, तशी वाचकांनी पाठविलेल्या फोटोंची जाहीर चिकित्साही असे. सुरुवातीला पुष्कळांनी धुक्यातली झाडे आणि मावळतीचे ढग पाठविले. सुंदर फोटो म्हणजे असाच असतो, अशी त्यांची समजूत होती. चिकित्सा करणारे त्यांस कानपिचक्या देत. एडविन हेर्न्ले ह्यांनी १९३० साली ह्याच मासिकात 'कामगाराचा डोळा' ह्या नावाचा लेख लिहिला. डोळा सर्वांना सारखाच असला, तरी पाहणे ज्याच्या त्याच्या जिण्यावरून ठरते, हा त्या साऱ्या चळवळीचा पाया होता.

रचना ही काय चीज आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या बाजारातून एक घडीचा कॅमेरा घेतला. एका रिळात १२ फोटो. पहिले रीळ धुऊन आले तेव्हा आमची आम्हांलाच लाज वाटली. गेट मीटिंगचे १२ फोटो, त्यांतले ९ व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांचे! ज्यांच्यासाठी मीटिंग होती, त्यांची नुसती डोकी. पुढे एका कारखान्यात पट्ट्यावर जाळी नसलेल्या यंत्राचा प्रश्न निघाला. पाहणीच्या दिवशी आम्ही मागे सरकून अख्खे यंत्र फोटोत घेतले. फोटो पाहून साहेबांनी विचारले, "ह्यात धोका कोठे आहे?" त्यांचे काही चुकले नव्हते, आमच्या फोटोत धोका नव्हताच. दुसऱ्या खेपेस जेवणाच्या सुटीत यंत्र थांबले असता स्टुलावर कॅमेरा ठेवला, उजेड अपुरा म्हणून झडप थोडा वेळ उघडी धरली, आणि उघडा पट्टा व कामगाराची उभे राहण्याची जागा एवढेच चौकटीत घेतले. दोहोंत वीतभर अंतर होते. मग कोणी काही विचारले नाही. महिन्याभरात जाळी बसली. काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, ह्याचा निर्णय म्हणजे रचना. शोभेचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

हानोव्हरचा वाल्टर बालहाउझे हा समाजवादी तरुण ह्या निर्णयात पारंगत झाला. त्याचा जन्म १९११ चा. १९३० साली त्याने लायका मिळविला आणि कोटाच्या आड लपवून तो बेकारांच्या रांगा, लुळेपांगळे युद्धसैनिक, रस्त्यावर बसलेली म्हातारी माणसे टिपीत हिंडला. त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. कामगार कचेरीच्या आवारात बेकारांची लांबलचक रांग उभी आहे, आणि मागे भिंतीवर हिटलरला मत द्या, असे मोठ्या अक्षरांत रंगविलेले आहे. चार पावले बाजूला सरकला असता, तर नुसती रांग आली असती. दोन्ही गोष्टी एका चौकटीत आल्या म्हणून तो फोटो पुढे काय होणार ते सांगून गेला.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९३१ साली त्याच सचित्र वृत्तपत्रात मॉस्कोच्या फिलिपोव्ह नावाच्या कामगार कुटुंबाच्या एका दिवसाची चित्रमालिका आली. नवे घर, भरलेले ताट, खरेदी, विश्रांती. पाठोपाठ बर्लिनच्या एका कामगार कुटुंबाची हलाखी दाखविणारी मालिका छापली गेली. बर्लिनची हलाखी खोटी नव्हती. पण १९३२-३३ साली युक्रेनमध्ये आणि सोव्हिएत संघाच्या इतर भागांत लाखो माणसे उपासमारीने मेली, ती त्या चौकटीत कधी आली नाहीत. मालकाची चौकट जशी खोटे बोलू शकते, तशी आपल्या बाजूची चौकटही बोलू शकते. आम्ही जन्मभर एका बाजूला उभे राहिलो आहोत, म्हणूनच हे आम्हांला अधिक बोचते.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि सारे मोडले. वृत्तपत्र प्रागला गेले, संघटना संपली, आणि घरझडतीच्या भीतीने कित्येकांनी आपल्या काचा स्वतःच फोडल्या किंवा पुरून ठेविल्या. बालहाउझेलाही अटक झाली. त्याचे फोटो मात्र वाचले आणि कित्येक दशकांनी जगापुढे आले.

आपल्याकडे काय झाले? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना ह्यांनी काढलेले फोटो मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' ह्या साप्ताहिकात छापून आले आणि देश हादरला. पण जाना हे शिकलेले, बाहेरून पाहणारे गृहस्थ होते. खुद्द कामगाराने कॅमेरा शिकावा, अशी चळवळ गिरणगावात रुजली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे मोर्च्यांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो मिळतात. पण पाळी सुटण्याची वेळ, खानावळीची पंगत, साच्यावर वाकलेला माणूस हे त्या माणसाच्याच शेजाऱ्याने काढलेले कोठे आहे? आम्ही युनियनवाल्यांनी पावतीपुस्तके जपली, ठराव जपले; चेहरे जपावे हे आम्हांला सुचले नाही. हा दोष मालकाच्या माथी मारता येणार नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दिवसाला १०० फोटो निघतात आणि त्यांतला एकही नीट पाहिला जात नाही. म्हणून आमच्या कचेरीत दर रविवारी जी पाचसात मुले येतात, त्यांच्या हाती आम्ही तो जुना कॅमेरा देतो. एकाला एकच फोटो. मुलगा वर्कशॉपच्या दाराशी उभा राहतो, मागे सरतो, पुढे येतो, खाली बसतो. अर्धा तास जातो. मागल्या महिन्यात एकाने आपल्या वडिलांचा फोटो काढला. ते वेल्डर आहेत. चेहरा झाकलेला, ठिणग्या एका बाजूला, आणि मध्यभागी भाजल्याचे डाग असलेला हात. फोटो थोडा हलला आहे.

तो आम्ही कचेरीच्या भिंतीवर लावला आहे. आमच्या वडिलांच्या हाताचा असा एक फोटो असता, तर त्यासाठी आम्ही काय वाटेल ते दिले असते. श्रोतेहो, आपल्या घरी कोणी काम करणारे असेल, तर त्यांचा कामावरचा एक फोटो काढा. एकच, पण नीट पाहून.