पंगतीचा क्रम

आगबोटीवर रात्रीची पहिली पंगत घ्यावी की दुसरी, हा प्रश्न केवळ सोयीचा होय. आमच्या करवीरात मात्र पंगतीचा क्रम जात ठरवीत असे : प्रथम ब्राह्मण, मग इतर, अस्पृश्यांच्या वाट्यास अंगणाबाहेर उरलेसुरले. १९०२ साली शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभासाठी समुद्रमार्गे विलायतेस गेले. ते तिकडे असतानाच, २६ जुलै रोजी, संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम निघाला. नोकरीच्या पंगतीचा क्रम असा मोडला. अन्नपाण्याचा क्रम त्याहून चिवट. तो मोडण्यासाठी पुढे गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात खुद्द महाराजांस चहाचा पेला हाती घ्यावा लागला. पंगत निवडण्याची मुभा इतकी महाग पडली, हे आम्ही विसरू नये.