घरकुल मंजूर, पण जागा कुठाय? किनारपट्टीच्या गावात घर बांधण्याआधी हे बघा

रायगड : भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. तेव्हापासून उरण, पेण, अलिबाग भागात जमिनीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, गिऱ्हाईकच दारात येतं. विकणाऱ्याचं बरं झालं. पण ज्याच्याकडे विकायला काही नाही, त्याला स्वतःच्याच गावात घरापुरती जागा मिळेनाशी झाली आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. ते टप्प्याटप्प्याने खात्यात येतात. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी 12 हजार वेगळे. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट हवं. राज्य सरकारने 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्यातल्या लाभार्थ्यांसाठी 50 हजारांची भर घातली. पण हे पैसे बांधकामाचे आहेत, जागेचे नाहीत. यादीत नाव येऊनही घरं अडतात ती इथेच.

जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. आधी 50 हजार मिळायचे, पुढे ती मर्यादा 1 लाख केली. लाखात रस्त्याकडेची जागा येणार नाही हे उघड आहे. तरी आत वाडीला, ओळखीतल्या माणसाकडून जमण्यासारखं असेल तर पंचायत समितीत अर्ज करावा.

मोठा घोळ मात्र सामाईक सातबाऱ्याचा. आजोबांच्या नावावरची जमीन, खाली पंधरा-वीस वारस, निम्मे मुंबईला. चुलता संमती देतो, त्याचा मुलगा देत नाही. भाव नव्हता तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आता प्रत्येक सही महाग झाली आहे. यावर उपाय एकच, घरकुल मंजूर होण्याची वाट न बघता वारसनोंद आणि वाटप आधी करून घेणं. संमतीने वाटप असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. गणपतीला सगळी भावकी गावात असते, तेव्हाच बसून ठरवलेलं बरं.

गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत जमीन असेल तर कलम 42-ड कामाला येतं. अशा जमिनीला राहण्यासाठी वेगळी एनए परवानगी लागत नाही, ठरलेला कर भरावा लागतो. वर्ग 2 ची जमीन असेल तर नजराण्याचा विषय येतो, तो तलाठ्याकडे आधीच विचारावा.

समुद्र किंवा खाडीलगत घर असेल तर सीआरझेड बघावंच लागतं. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या किनारी गावांत, म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तिथे, समुद्राच्या भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास क्षेत्र आहे. ही सवलत आराखडा मंजूर झाल्यावरची. विरळ वस्तीच्या गावांत 200 मीटर. जुनं अधिकृत घर आहे त्याच जोत्यावर दुरुस्त किंवा नव्याने बांधता येतं, आणि कोळी व इतर पारंपरिक किनारी समाजाच्या राहत्या घरांना अटींवर परवानगी मिळू शकते. ‘कोळीवाड्यात काहीच बांधता येत नाही’ असं सांगून स्वस्तात जागा मागणारे भेटतात. त्यांचं ऐकून सही करू नये.

प्लॉट विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉटसुद्धा महारेरात नोंदवावे लागतात. जाहिरातीत नंबर आणि क्यूआर कोड असायला हवा, तो मोबाईलने तपासता येतो. शेतजमिनीत गुंठा-गुंठा पाडून नोटरीवर दिलेला कागद म्हणजे मालकी नव्हे.

उरण, पनवेल, पेणच्या 124 गावांत 2024 पासून एमएमआरडीए नवं शहर वसवण्याचं नियोजन प्राधिकरण आहे. त्याला गावांचा विरोधही आहे. सिडकोने 2024 च्या योजनेत काढलेल्या 26 हजार घरांत सगळ्यात स्वस्त घर 25 लाखांच्या घरात होतं. मासळी विकणाऱ्या किंवा भाताची दोन एकर करणाऱ्या कुटुंबाला ते परवडणारं नाही. त्यामुळे या गावांत घर बांधायचं किंवा जमीन द्यायची असेल, तर ग्रामपंचायतीसोबत प्राधिकरणाकडेही आपला गट नंबर कुठल्या पट्ट्यात येतो ते लेखी विचारून घ्यावं.