पर्यायी मार्गाचा इतिहास : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन शेजारी तालुके होत. दक्षिणेस नीरा, इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि या दोन नद्यांचा नरसिंगपूर येथे संगम, अशी या प्रदेशाची ठळक रेषा आहे. येथील शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध पूर्वी तलाठ्याच्या दप्तराशी बांधलेला होता. आता तो बव्हंशी संगणकाच्या जाळ्याशी बांधला गेला आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. पीककर्ज, वारसनोंद, खरेदीखत या साऱ्यांचे पाऊल या उताऱ्यापाशी येऊन थांबते. म्हणूनच 'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्द तालुक्याच्या गावी आज सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत.

हे तीन शब्द एखाद्या घटनेचे वर्णन करतात, परंतु तिचे कारण सांगत नाहीत. सर्व्हर सुरू असून त्याच्यापर्यंत जाणारी वाट तुटलेली असू शकते. वाट तुटलेली असून दुसरी वाट उपलब्ध असू शकते. आणि दुसरी वाट उपलब्ध असूनही वाहतूक तिच्याकडे वळलेली नसू शकते. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत दुर्बोध आहे, आणि प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे. एक मार्ग खंडित होताच उपकरणांनी आपापसांत संदेश देऊन दुसरा मार्ग स्वीकारावा, या क्रियेस तंत्रज्ञ 'फेलओव्हर' म्हणतात. येथे तिच्यासाठी 'मार्गांतर' हा शब्द योजला आहे. दुसरा मार्ग असणे आणि दुसरा मार्ग वेळेवर उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या विषयाच्या साठ वर्षांच्या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय.

२. कल्पनेचा उगम आणि पहिला धडा

अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये विकेंद्रित दळणवळणाविषयी आपली प्रबंधमाला प्रसिद्ध केली. एका केंद्राभोवती गुंफलेले जाळे केंद्र नष्ट होताच कोसळते. उलट प्रत्येक गाठ अनेक गाठींशी जोडलेली असेल, तर काही गाठी नाहीशा झाल्या तरी संदेश वाट काढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६९ मध्ये चार गाठींनिशी सुरू झालेल्या आर्पानेटमध्ये अशा अनेकमार्गी जाळ्याचा मोठ्या प्रमाणावरील अनुभव प्रथम मिळाला.

आर्पानेटच्या आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक गाठ आपली मार्गसूची शेजाऱ्यांना वारंवार कळवीत असे, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून आपली सूची बनवीत असे. या पद्धतीचा दोष लवकरच उघड झाला. नवा, जवळचा मार्ग सापडल्याची बातमी झपाट्याने पसरे; मार्ग तुटल्याची बातमी मात्र रेंगाळे, कारण दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून एकमेकांकडेच वाट दाखवीत राहत. म्हणून १९७९ मध्ये प्रत्येक गाठीला संपूर्ण जाळ्याचा नकाशा देणारी नवी पद्धत अंगीकारण्यात आली.

तथापि २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे सुधारलेले जाळेही काही तास बंद पडले. या घटनेचे विवेचन एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. एका उपकरणाच्या स्मृतीतील बिघाडामुळे एकाच गाठीविषयीच्या सूचना तीन वेगवेगळे क्रमांक घेऊन जाळ्यात फिरू लागल्या : ८, ४० आणि ४४. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होत असल्याने 'नवा' आणि 'जुना' यांचा निर्णय चक्राकार गणिताने होई. त्या गणितानुसार ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा आणि ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा ठरला. परिणामी प्रत्येक गाठ तिन्ही सूचना अखंड स्वीकारीत व पुढे पाठवीत राहिली, आणि अन्य कामास अवकाशच उरला नाही. येथे तार तुटली नव्हती. मार्ग बदलण्यासाठी उभारलेली यंत्रणाच मार्गाच्या आड आली होती.

३. विलंबाचे गणित

त्यानंतरच्या दशकांत जे नियमसंच रूढ झाले, त्यांचा इतिहास एका दृष्टीने 'मृत्यूची बातमी किती वेळात कळावी' या प्रश्नाचा इतिहास आहे. १९८८ मध्ये लेखनिविष्ट झालेल्या रिप या नियमसंचात मार्गसूची दर ३० सेकंदांनी पाठवली जाते, आणि १८० सेकंद वार्ता आली नाही तर मार्ग रद्द समजला जातो. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ओएसपीएफमध्ये सामान्यतः दर १० सेकंदांनी शेजाऱ्याची विचारपूस होते आणि ४० सेकंदांच्या मौनानंतर त्याचा नाद सोडला जातो. भिन्न संस्थांच्या जाळ्यांना जोडणाऱ्या बीजीपीचाही आरंभ १९८९ चाच. त्यात ९० सेकंदांची मुदत सुचविलेली आहे. एका सेकंदाहूनही कमी वेळात खंड ओळखणारा बीएफडी हा स्वतंत्र नियमसंच २०१० मध्ये प्रमाणित झाला.

मुदत कमी केली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. मुदत फार मोठी असेल तर मृत मार्गावर वाहतूक वाया जाते. फार लहान असेल तर क्षणिक अडथळ्यानेही मार्ग वारंवार बदलू लागतो, आणि या अस्थिरतेचा त्रास मूळ खंडापेक्षा अधिक होतो.

४. फायरवॉल : स्मरणशक्तीचा दोष

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या नावाने ओळखला जाणारा उपद्रवी प्रोग्राम इंटरनेटवर पसरला, आणि जाळ्याच्या वेशीवर पहारा हवा ही जाणीव तीव्र झाली. आरंभीचे फायरवॉल प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे तपासत. १९९० नंतरच्या दशकात, विशेषतः चेक पॉइंट या कंपनीचे १९९४ चे उत्पादन आल्यावर, संभाषणाची स्थिती लक्षात ठेवणारे फायरवॉल प्रचारात आले. आतून प्रश्न गेला असेल तरच बाहेरून येणारे उत्तर आत सोडावयाचे, हे त्यांचे तत्त्व होय.

या स्मरणशक्तीने सुरक्षितता वाढली, परंतु मार्गांतराशी तिचा विरोध निर्माण झाला. बॅरन यांच्या कल्पनेत पॅकेटने कोणत्याही वाटेने जावे आणि कोणत्याही वाटेने परतावे, हे गृहीत होते. स्मरणशील फायरवॉलला हे मान्य नाही. प्रश्न पहिल्या फायरवॉलमधून गेला आणि मार्ग बदलल्यामुळे उत्तर दुसऱ्याकडे आले, तर दुसऱ्याला ते संभाषण ठाऊकच नसते. तो उत्तर नाकारतो. मार्गसूची पाहणाऱ्या तंत्रज्ञास सर्व मार्ग ठीक दिसतात, आणि तरीही काम होत नाही.

अशा वेळी दोष शोधताना पुढील स्थळे क्रमाने तपासावी लागतात. प्रथम, तार खरोखर तुटली आहे की केवळ पलीकडचा भाग बंद आहे. मध्ये एखादे उपकरण असल्यास फायरवॉलला आपली बाजू जिवंतच दिसते. दुसरे, हाताने लिहून ठेवलेला स्थिर मार्ग गतिमान मार्गापेक्षा अधिक मानाचा ठरून वाट अडवीत आहे काय. फायरवॉलची आपली बाजू जिवंत दिसते तोवर स्थिर मार्ग सूचीत टिकून राहतो, पलीकडे कोणी असो वा नसो. तिसरे, दुसऱ्या मार्गासाठी परवानगीचे नियम व पत्ता बदलण्याचे नियम लिहिले आहेत काय. पुष्कळदा ते पहिल्या मार्गापुरतेच लिहिलेले असतात. चौथे, मुख्य फायरवॉलकडून राखीव फायरवॉलकडे संभाषणांची यादी पोचते काय, आणि राखीव फायरवॉलने शेजाऱ्यांशी नवी ओळख करून घेईपर्यंत ते शेजारी जुने मार्ग धरून ठेवतात काय. पाचवे व सर्वांत दुर्लक्षित, परतीचा मार्ग. जाणारी वाट तपासली जाते. येणारी वाट बहुधा कोणी तपासत नाही.

५. मुंबईचे दोन दाखले

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल खंडित झाल्या, आणि भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीस जबर धक्का बसला. दोन्ही केबलना मुंबईत किनारा आहे. नकाशावर त्या दोन होत्या. परंतु समुद्राच्या एकाच पट्ट्यातून जात असल्याने संकटाच्या दृष्टीने त्या एक ठरल्या.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालू ठेवावा लागला. एक्स्चेंजने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार प्राथमिक केंद्र व नजीकचे पर्यायी केंद्र यांना जोडणारे मार्ग दोन दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले होते. मार्गालगतच्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांचे दुवे अस्थिर झाले, आणि त्याचा अनपेक्षित परिणाम माहितीसाठ्याच्या यंत्रणेवर होऊन ती सर्व्हरना दुरापास्त झाली. व्यवहाराची मुख्य यंत्रणा सुरू असूनही जोखीम-नियंत्रण बंद पडल्याने बाजार थांबवावा लागला. दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग, हे समीकरण जमिनीखाली टिकत नाही, आणि मार्गांतराचा आघात जाळ्यापलीकडच्या यंत्रणेलाही पोचू शकतो, ही दोन सत्ये या घटनेने स्पष्ट केली.

६. दोन तालुक्यांचा नकाशा

केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेची उभी रचना राज्य, जिल्हा व तालुका अशी तीन पायऱ्यांची होती. या रचनेप्रमाणे बारामतीचा दुवा पुण्यास जातो आणि इंदापूरचाही पुण्यास जातो. ही दोन गावे परस्परांपासून सुमारे ५० किलोमीटरवर असली, तरी अशा वृक्षाकार आराखड्यात एकीची वाट तुटल्यास दुसरीचा तिला आधार मिळत नाही. बॅरन यांनी ज्या केंद्राश्रित रचनेपासून सावध केले होते, तीच येथे प्रशासनाच्या उतरंडीमुळे पुन्हा अवतरली. १९१४ मध्ये दौंडहून आलेला अरुंद रुळांचा लोहमार्ग बारामतीस संपत असे. जाळ्याची ही शाखाही त्याच घाटाची आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या सुधारित स्वरूपात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार रचना स्वीकारण्यात आली, ही महत्त्वाची सुधारणा होय. परंतु वर्तुळाचे दोन्ही बाहू एकाच चरातून अथवा एकाच पुलावरून नेले, तर ते कागदावरच वर्तुळ राहते. कालवे, ओढे व दोन नद्या असलेल्या प्रदेशात पुलांची संख्या मोजकी असल्याने हा धोका विशेष संभवतो.

या प्रदेशाला अशा विसंगतीचा अनुभव नवा नाही. नीरा डावा कालवा वीर येथून निघून बारामतीमार्गे इंदापूर तालुक्यात जातो. मुखाशी पाणी सोडल्याची नोंद होते. पोटचारीच्या शेवटच्या शेतात पाणी पोचले की नाही, हे त्या नोंदीवरून कळत नाही. मार्गसूचीतील नोंद ही मुखावरची नोंद होय. उत्तर परत आले, हा शेवटच्या शेताचा पुरावा होय.

७. दोषशोध आणि इतिहासपद्धती

मार्गांतरातील दोष शोधणे हे मूलतः इतिहासकाराचेच काम आहे. घटना घडून गेलेली असते. हाती उरतात त्या उपकरणांच्या नोंदी. त्या परस्परविरोधी असतात, कारण प्रत्येक उपकरण आपल्या जागेवरून जेवढे दिसले तेवढेच लिहिते. दोन फायरवॉलच्या घड्याळांत एका मिनिटाचा फरक असेल, तर कारण कोणते व परिणाम कोणता हेच उलटे वाचले जाते. उपकरणांची घड्याळे जुळविणारा एनटीपी हा नियमसंच १९८५ पासून उपलब्ध आहे. त्याचा उपयोग न करता लिहिलेली नोंद ही मिती नसलेल्या पत्रासारखी समजावी.

१९८० च्या आर्पानेटच्या घटनेचा इतिहास लिहिता येतो, कारण तिचे साधार विवेचन कोणी तरी केले. २०२१ च्या मुंबईच्या घटनेचाही लिहिता येतो, कारण तेथे कोट्यवधींचा व्यवहार थांबल्याने खुलासा देणे भाग पडले. तालुक्याच्या कचेरीसमोर अर्धा दिवस उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच विधान येते, आणि तेही संध्याकाळी पुसले जाते. त्यामुळे तोच दोष पुन्हा उद्‌भवल्यास तो प्रत्येक वेळी नवाच भासतो.

यावर उपाय खर्चिक नाही. मार्ग केव्हा खंडित झाला, वाहतूक दुसऱ्या मार्गावर केव्हा वळली, मूळ मार्ग केव्हा परत आला आणि सिद्ध झालेले कारण कोणते, अशा चार रकान्यांची नोंदवही प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ठेवता येईल. ठरल्या दिवशी मुख्य दुवा हेतुपुरस्सर बंद करून मार्गांतर होते की नाही हे पाहावे, आणि त्याचीही नोंद त्याच वहीत करावी. ज्या वहीत दुसरा रकाना वारंवार रिकामा राहील, तेथे दुसरा मार्ग केवळ खरेदीच्या बिलात अस्तित्वात आहे, असे समजावे.